थोरलीचा रंग

टक्.

ठाकुर्लीच्या त्या तळमजल्यावरच्या घरात दुपारी अशी शांतता असे, की खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं तरी ते सगळ्या खोल्यांना कळायचं. क्षिप्राला थोपटत आडव्या झालेल्या हेमांगीलाही कळलं. ‘आईंचे गुडघे बोलायला लागले वाटतं,’ असं मनाशी म्हणत तिने कूस बदलली. लेक झोपली की हळूच उठायचं आणि मागच्या ओट्यावर जाऊन गाडीच्या पेट्रोलच्या टाकीची डावी बाजू करायला घ्यायची, असा तिचा बेत होता. पण थोपटणारा हातच आधी झोपला.

मागच्या ओट्यावर आबांची येझदी उभी होती. आबा म्हणजे हेमांगीचे सासरे आनंदराव. नोकरी लागल्या लागल्या त्यांनी ही मोटरसायकल घेतली, लग्न नंतर केलं. म्हणून सासूबाई, म्हणजे नीलाताई, तिला ‘थोरली’ म्हणत. “थोरलीचं पुसून झालं असेल तर धाकटीला जरा कोथिंबीर आणून द्या,” असं रोज सकाळी घरात ऐकू यायचं.

थोरली एकेकाळी मरून रंगाची होती. चाळिसेक उन्हाळ्यांनी तिला पिकल्या पेरूच्या गरासारखी फिकट, पिठूळ गुलाबी करून ठेवली होती. सलिलला, म्हणजे हेमांगीच्या नवऱ्याला, तिची लाज वाटे.

“आबा, शहाडला एक पेंटर आहे. सगळं खरवडून मॅट ब्लॅक मारून देतो. एकदम किलर दिसेल.”

“मॅट ब्लॅक? तवा आहे का तो? तिला खरवडायला नेशील ना, तेव्हा मलाही मागे बसवून ने. दोघांना एकदमच खरवडा.”

शेवटी तह झाला. ठाण्याचं जुन्या गाड्यांचं एक मंडळ दरवर्षी प्रदर्शन भरवत असे. त्यात ‘मूळ रंग’ असा एक वेगळा गट होता, आणि त्यासाठी मंडळाचे काळुराम पाटील आधी घरी येऊन गाडी पारखत. पाटलांनी हो म्हटलं तर थोरलीचा रंग राहील. नाही म्हटलं तर थोरली शहाडला जाईल.

आबांनी लगेच सुनेकडे पाहिलं. क्षिप्रा व्हायच्या आधी हेमांगी एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये होती. आई झाल्यापासून तिला कुणी रंगाबद्दल विचारलं असेल तर ते मुलीच्या शीच्या. त्यामुळे आबा “तुला काय वाटतं गं?” म्हणाले तेव्हा तिला इतका आनंद झाला, की तिने उत्तर द्यायच्या आधी पदर खोचला. ती सलवार-कमीजमध्ये होती, पदर नव्हताच, पण हात कमरेला गेला खरा.

मग रोज दुपारी, क्षिप्रा झोपेल तेवढ्या वेळात, काम सुरू झालं. आधी सीटखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, बोटभर जागेवर करून पाहिलं. पॉलिश अगदी जरासं घ्यायचं आणि मऊ फडक्याने गोल गोल फिरवायचं. घरातलं सगळ्यात मऊ फडकं म्हणजे क्षिप्राच्या तान्हेपणीच्या मलमलच्या लंगोट्या, शंभरदा धुतलेल्या. त्या आता मरून होऊन दोरीवर वाळू लागल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई एकदा काळजीने विचारून गेल्या.

कधीकधी क्षिप्रा मध्येच उठून येई. “काय करतेस?”

“वरचा रंग उन्हाने मेलाय ना, तेवढाच काढतेय. त्याच्या खाली जिवंत रंग आहे. पण तो मोजका आहे हं. जोर केला की तोही जाणार.”

तेव्हापासून क्षिप्रा दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगे, “जोर नाही करायचा. मोजका आहे.”

टाकीची उजवी बाजू डाळिंबासारखी निघाली होती. डावी राहिली होती, आणि तिथे एक अडचण होती. नीलाताई दर दसऱ्याला त्याच जागी हळदकुंकवाचं स्वस्तिक काढत आणि ते कुणालाही पुसू देत नसत. वर्षांवर वर्षं चढून तिथे खपलीसारखा थर झाला होता. त्याला हात लावायची परवानगी कशी मागावी, हे ठरवता ठरवता पाटील यायचा दिवस उजाडला होता.

“नीला! अगं नीला! बघ गं हिला!”

आबांच्या हाकेने हेमांगी दचकून जागी झाली. क्षिप्राला कडेवर घेऊन ती ओट्यावर धावली. थोरली नखशिखांत चमकत होती. मरून, ओलीगच्च, हळद उतरवून न्हालेल्या नवरीसारखी. शेजारी नीलाताई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

“पाच मिनिटांत झालं. तुझी डिग्री महिनाभर लंगोट्या रंगवत बसली!”

हेमांगीला वास आला. “आई, तेल लावलंत?”

“मग? कोरडं पडलं की तेल लावायचं. केसांना, टाचांना, पोळपाटाला. हिलाच काय सोनं लागलंय?”

मेलेल्या थराने तेल पिऊन घेतलं होतं. उद्यापर्यंत त्यावर ठाकुर्लीची सगळी धूळ येऊन बसेल, हे हेमांगी सांगणार तोच बेल वाजली. घरून काम करणारा सलिल हेडफोन गळ्यात घेऊनच पाटलांना आत घेऊन आला.

काळुराम पाटील म्हणजे पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात जाड साखळी आणि स्वतःच्या अकरा जुन्या गाड्या. त्यांनी टाकीवरून एक बोट फिरवलं. ते बोट नाकाशी नेलं.

“आबा, फोडनी द्यायची रायली का?”

कुणी हसलं नाही. पाटीलही गंभीर झाले. “बगा, अशा चकचकाटाखाली लोकं नवीन रंग दडवतात. मला नाय पटत.” ते चपला शोधू लागले.

आबांचा चेहरा थोरलीसारखाच पिठूळ पडला. सलिलने शहाडच्या पेंटरला फोन लावायला मोबाईल बाहेर काढला.

“थांबा, दादा,” हेमांगी म्हणाली. “दहा मिनिटं. चहा घ्या तोवर.”

तिने क्षिप्राला खाली ठेवलं, साबणाचं कोमट पाणी आणलं, दोरीवरची लंगोटी ओढली.

“ही लंगोटी हाय?” पाटलांनी विचारलं.

“धुतलेली आहे.”

“जोर नाही करायचा,” क्षिप्राने पाटलांना समजावलं.

तेल निघालं. उजवी बाजू डाळिंबी राहिली, डावी पुन्हा पेरूसारखी झाली. पण तेलाने एक काम करून ठेवलं होतं. हळदकुंकवाची खपली भिजून सुटली आणि फडक्याबरोबर अलगद निघून आली. खाली, त्या पिठूळ गुलाबीच्या मधोमध, एक स्वस्तिक उमटलं. गडद मरून. उन्हाने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

पाटील चहाचा कप तसाच धरून वाकले. “हे कुनी काढलं?”

“मी,” नीलाताई म्हणाल्या. “दर दसऱ्याला. तिला नको का हळदकुंकू? सवाष्ण आहे ती.”

सलिल आईकडे वळला. “तुला तर ही गाडी नकोच होती ना?”

“कधी म्हटलं मी? मी भांडते. भांडायला समोर कुणी लागतं की नाही? उद्या तिचा तवा केलास तर थोरली म्हणू कुणाला?” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “म्हणून तर तेल लावलं. तुझ्या बायकोचं अर्धंच झालं होतं.”

आबांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“पास,” पाटील म्हणाले. “नवीन रंग एवढा वाईट दिसूच शकत नाय! पन ताई, डावी बाजू आता अशीच ठेवायची. एकीकडं तुमचं काम, एकीकडं ऊन. लोकांना कळू दे.”

‘तुमचं काम’ हे शब्द हेमांगीने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. डाव्या बाजूसाठी राखून ठेवलेल्या दुपारी एकदम मोकळ्या झाल्याचं तिला थोडं वाईटही वाटलं. तिने लंगोटी पिळली.

पाटील गेल्यावर नीलाताईंनी वाटीत उरलेलं तेल पाहिलं. “वाया कशाला घालवायचं? बसा इकडे,” असं म्हणून त्यांनी आबांना पाटावर बसवलं आणि त्यांच्या टकलावर तेल थापून गोल गोल चोळायला सुरुवात केली. आबांनी डोळे मिटले.

क्षिप्रा जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली. मग तिने आईचं बोट ओढलं.

“आई, आजी वरचे आबा काढतेय ना? खालचे आबा पण मोजकेच आहेत का गं?”