लाइनवरची बायको

आत

बाहेरून कडी लागली तेव्हा मी उशांचे अभ्रे बदलत होते.

"अहो, कडी काढा. गॅसवर दूध आहे."

"बाई, सोंग पुरे झालं. चष्मासुद्धा तिचाच उचललात. माझी बायको येऊ दे, मग बघतो तुमच्याकडे."

बायको मीच. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात असं होतं. चेहरा ओळखीचा वाटतो, पण माणूस आपलं वाटत नाही. वाद घालू नका.

बरं. नाही घालत. दूध?

लाइनवर

हे आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. अख्खं गाव आवाजावरून ओळखायचे, तीच माणसं रस्त्यात भेटली की "आपण कोण?" लग्नाआधी वर्षभर मीही यांच्यासाठी नुसता आवाजच होते.

मोबाइल हाताशी होता. लावला.

"बोला."

"मी बोलतेय."

"अगं, आहेस कुठे तू?"

कित्येक महिन्यांनी 'अगं'.

"आधी गॅस बंद करा."

पावलं गेली, आली.

"केला. ऐक, घरात एक बाई शिरलीय. हुबेहूब तू. मी बरा फसेन! कोंडून ठेवलंय."

"सोडा तिला. मीच ठेवलीय, मदतीला."

"तू भोळी ती भोळीच. तू ये, मग उघडतो."

त्यांचा आवाज दोनदा येत होता. आधी दारातून, मग कानात.

मी कुठून येणार?

"अहो, तिला बाथरूमला जायचं असेल."

बाहेर कडी किंचित वाजली.

"हं. तेवढी माणुसकी आहे माझ्यात."

बाहेर

कडी निघाली. मी घाईने फोन कट करून पाठीमागे धरला.

"हॅलो? हॅलो?" यांनी फोन हलवून पाहिला. चेहरा उतरला. "तुम्ही बाहेर आलात आणि लाइन गेली."

मी त्यांचा हात धरला. "मीच बोलत होते हो. मीच आहे."

त्यांनी हात झटकला नाही. काढून घेतला, अगदी सभ्यपणे.

"बाई, जरा आत बसता का? ती परत लावेल. आमचं नवराबायकोचं बोलणं असतं."

घराचा दरवाजा समोरच होता, नुसता लोटलेला. चपला पायाशी.

मी खोलीत गेले. या वेळी दार मीच लावलं. नंबर लावला.

"अगं, कुठवर आलीस?"