पिक्सेलात खिळलेली अक्षरं

वाडी नावाच्या उपनगरात नंदिनीच्या खोलीसमोर दिवसभर ट्रक उभे असतात, पण तिच्याशी दोन शब्द बोलेल असं तिथे कोणी नाही. खोलीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी चॅटची पेटी बनवते. दुकानांच्या वेबसाइटवर खालच्या कोपऱ्यात उघडून "काही मदत हवी का?" असं विचारते ना, तीच. साऱ्या दुनियेची विचारपूस करणाऱ्या या पोरीची विचारपूस करणारा माणूस मात्र एकच होता, तिचे बाबा.

बाबा, नाव त्यांचं दादाजी, कामठीला एकटेच राहतात. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, त्यामुळे फोन कुचकामाचा. डोळ्यांचंही आता काही खरं नव्हतं. म्हणून नंदिनीने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला, बटणांवर मराठी अक्षरांचे मोठे स्टिकर चिकटवले, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वांत मोठी केली आणि स्वतःच्याच चॅटपेटीचं चाचणीचं पान उघडून दिलं. रोज सकाळी त्या पेटीत यायचं, "जेवली का वं?" तिने अजून चहाही घेतलेला नसायचा. ती "हो" लिहायची. थाप खरी, पण त्या थापेवर दोघांचाही दिवस निघायचा.

मग एकदा बाबांनी लिहिलं, "घरून काम करतं, त याच घरून कर ना." गल्लीत माग चालू असताना पुण्याच्या मीटिंगा कशा करायच्या, हे बाबांना कोण समजावणार? नंदिनी चिडली. "जमणार नाही" एवढंच लिहून ती कामाला लागली.

कामही नेमकं डोकं उठवणारं होतं. एका फर्निचरवाल्याच्या वेबसाइटवर पेटी आगपेटीएवढी दिसत होती. नंदिनी अक्षरांचं माप ठरावीक आकड्यात लिहीत नसे. पानाचा मूळ आकार जेवढा, त्याच्या इतके पट, असं लिहायची. या दुकानदाराच्या पानाचा मूळ आकारच बारीक, मग पेटीही आक्रसली. तिने उपाय काढला. कोड बांधून बाहेर पाठवणाऱ्या साधनात एक छोटं प्लगइन जोडलं, जे जाता जाता सगळी सापेक्ष मापं पक्क्या पिक्सेलमध्ये, म्हणजे ठरावीक आकड्यांत, बदलतं. आता कोणाच्याही पानावर पेटी तेवढीच. टीम लीड उन्मेषने अंगठा पाठवला. कौतुक म्हणतात ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबांचा निरोप आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिने "बाबा?" लिहिलं, उत्तर नाही. घाबरून शेजारच्या कांताबाईंना फोन केला.

"बरे हायेत वं तुये बाबा," कांताबाई म्हणाल्या. "ओट्यावर बसून रायते दिवसभर."

म्हणजे रुसलेत. नंदिनीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेलाच असतो. तोही वारसा बाबांचाच. तिने लिहिलं, "ठीक आहे. नका लिहू."

आणि मग ती खरोखर एकटी पडली. सकाळ व्हायची, पेटी उघडायची, आपलंच वाक्य वाचायची. रविवारी खोली खायला उठली, तशी तिने कामठीची बस धरली.

दार उघडंच होतं. बाबा लॅपटॉपला नाक लावून बसले होते. तिला पाहताच त्यांनी झटकन झाकण मिटलं.

"काहून आली वं? सुट्टी हाय का?"

तिने झाकण उघडलं. पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं. मग तिच्या लक्षात आलं. पक्के पिक्सेल ब्राउझरच्या सेटिंगचं ऐकत नाहीत. फर्निचरवाल्याची पेटी सावरताना तिने बाबांची अक्षरं जागच्या जागी खिळून टाकली होती.

"मले काहीच दिसून नाही राहिलं," बाबा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मोतीबिंदू पिकला असन. तुले सांगतलं असतं, त नोकरी सोडून आली असती."

डोळे गेले नाहीत, हे त्यांना सांगायचं तर लिहूनच, आणि लिहिलेलं दिसायचं तर अक्षरं मोठी करायला हवीत. दोन बटणं एकदम दाबली की पान तेवढ्यापुरतं मोठं झालं असतं. पण सर्वांत खाली तिचं ते रागातलं वाक्य होतं, आणि लिहिलेलं पुसायची सोय त्या पेटीत तिने केलीच नव्हती. तिला फार लाज वाटली. लॅपटॉप बिघडला, असं खुणेने सांगून वेळ मारून नेता आली असती. बाबा मान खाली घालून बसले होते.

तिने बटणं दाबली.

बाबा पुढे वाकले. "ठीक आहे. नका... लिहू." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं, तवा दिसलं नाही."

तिने मोबाइल काढला आणि त्यांच्या शेजारी बसून लिहिलं, "तुमचे डोळे होते तसेच आहेत, बाबा. अक्षरं माझ्यामुळे लहान झाली. उद्याच पहिल्यासारखी करते."

त्यांनी ते सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. लॅपटॉप जवळ ओढला आणि एकेक बटण शोधत बसले. हाताच्या अंतरावर बसलेल्या नंदिनीचा मोबाइल वाजला.

"जेवली का वं?"

"नाही," तिने लिहिलं.