सूर उचलणाऱ्याचे कान

नेरिस आली तेव्हा मी तव्यावर वेल्श केक भाजत होते. चार-पाच वर्षांनी ती मुलाखत घ्यायला येतेच. माझा नवरा इद्वल ज्या आठवड्यात जन्मला, त्या आठवड्यात देशभर जन्मलेल्या बाळांची माहिती एका अभ्यासासाठी तेव्हापासून आजवर लिहून ठेवली जाते: उंची, शाळा, नोकरी, दुखणीखुपणी. बाळं आता पासष्टीची झाली, तरी दर वाढदिवसाला अभ्यासवाल्यांचं कार्ड येतं. इद्वल ती सगळी बिस्किटांच्या डब्यात जपतो. मुलाखतीच्या दिवशी दाढी करून, टाय लावून बसतो.

"ह्या खेपेला एक सही जास्तीची, इद्वलकाका," नेरिस म्हणाली. "हॉस्पिटलच्या ओपीडीत तुम्ही कधी, कशासाठी गेलात, त्या नोंदी आमच्याकडच्या माहितीला जोडायच्यात."

इद्वलचा कप हातातच राहिला. "नाही."

"नाव नसतं हो त्यात. नुसता नंबर."

"ह्या खोऱ्यात त्या आठवड्यातला मी एकटा. पोस्टातली ब्रॉनवेनसुद्धा ओळखेल नंबर कुणाचा ते."

का नाही, ते मला ठाऊक होतं. आमच्या बेथानिया चॅपेलमध्ये इद्वल सूर उचलतो. स्तोत्र त्यानं सुरू करायचं, मग आम्ही. त्याच्याआधी त्याचे वडील उचलायचे. आणि गेली चार वर्षं अधूनमधून मंगळवारी तो 'बियाणं आणायला' बसनं जातो, तो थेट कानाच्या ओपीडीत. तिथं मिळालेली ऐकण्याची दोन यंत्रं कार्डांच्या डब्यात, अगदी तळाशी. डबा पुसते मी, म्हणून मला कळलं. बहिऱ्याला सूर कोण उचलू देईल, ही त्याची धास्ती. म्हणून मीही गप्प.

"सहीचा आग्रह मी करायचा नसतो," नेरिस म्हणाली. "नेहमीचे प्रश्न घेऊ. ऐकू कसं येतं?"

"उत्तम."

"सिगारेट किती ओढता?" तिनं कागदात बघत हळूच विचारलं.

"उत्तम," इद्वल म्हणाला.

मी तव्याकडे तोंड फिरवलं. हसू आवरेना.

नेरिसनं पेन खाली ठेवलं आणि आवाज चढवला. "काका, पत्र्याच्या कारखान्यात किती वर्षं होतात?"

"एकतीस. पत्रा लाटायच्या मशीनशेजारी."

"बरोबरच्यांचे कान कसे आहेत?"

"एमलिन ठार बहिरा. तेगिदच्या कानाशी तोफ उडवली तरी तो हवापाणी विचारेल."

"आणि आमच्या कागदांत असा एक माणूस आहे, जो एकतीस वर्षं त्याच मशीनशेजारी उभा राहिला आणि ज्याचे कान उत्तम. वाचणारा म्हणणार, त्या मशीनच्या आवाजानं कानांना काही होत नाही."

इद्वल टाय चाचपत बसला. गेल्याच रविवारी आमच्या पाळकांचं प्रवचन खोट्या साक्षीवर झालं होतं. ते आधी साधं बोलतात, मग बोलण्याला चाल लागते, चढत चढत त्याचं गाणं होतं, शेवटी ते अगदी हलकं होत जातं आणि देव बाकावर शेजारी येऊन बसलाय असं वाटतं.

"म्हणजे एमलिनच्या विरुद्ध मी साक्ष दिली," इद्वल म्हणाला.

"माझ्यासमोर दोनदा 'उत्तम' म्हणालात," नेरिस म्हणाली.

त्यानं सही केली. मग डबा काढला, सगळी कार्डं टेबलावर ओतली आणि तळातली यंत्रं उचलली.

"अगंबाई, बियाणं उगवलं म्हणायचं!" मी म्हटलं.

"एलिनेड! तुला माहीत होतं?"

"डबा मीच पुसते ना."

"रविवारी लावूनच उभा राहीन. काढतील तर काढतील."

रविवारी तो उभा राहिला. यंत्रांपेक्षा लाल झालेले कानच जास्त दिसत होते. सूर उचलला, आम्ही धरला, आणि दुसऱ्याच ओळीला त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आमच्या चॅपेलमध्ये असं कधी झालं नव्हतं.

"हे धप्प धप्प कोण करतंय?"

ऑर्गनवरच्या ग्वेन्लियननं पाय मागे घेतला. "मी."

"कशाला?"

"तुला ताल कळावा म्हणून, शहाण्या! चार वर्षं आपटतेय. टाच कामातून गेली माझी."

"काय म्हणाली?" मागून एमलिन ओरडला.

अख्खं चॅपेल हसलं. पाळकांनी रुमालात तोंड लपवलं. एकट्या इद्वलला हसू येईना. "सगळ्यांनाच माहीत होतं? मग मला खाली बसवलं का नाही?"

"सूर तू बरोबरच उचलतोस," ग्वेन्लियन म्हणाली. "पुढचं तेवढं आम्ही सांभाळत होतो. उचल आता. आणि जरा हळू, आम्हालाही कान आहेत."

त्यानं उचलला. मी ओळी विसरून नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

घरी परतताना चढणीवर तो मध्येच थांबला.

"एलिनेड, प्रवचनाच्या शेवटी पाळक किती हळू गातात गं! मला वाटायचं, दमून थांबतात."