मी न छापलेला पास

मित्रांनो, मी जबलपूरच्या कांचघर भागातल्या एका भंगारवाल्याकडे पडलेला जुना संगणक आहे. पडद्याला तडा गेला आहे आणि कळफलकावरची निम्मी बटणे गळून गेली आहेत. तरी माझी कीव करू नका. माझ्यामुळे एका माणसाचे काय झाले ते आधी ऐका.

१९८९ साली मी जबलपूरच्या एका लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आलो. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला, मला हळदकुंकू लावले. माझ्या खोलीत येताना लोक चपला बाहेर काढत. अख्ख्या कारखान्यात थंड हवा फक्त मला होती. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्यांना साधा पंखा नव्हता. हजेरी, रजा, फाटकाचे पास, सगळे माझ्याकडे आले. ‘कंप्यूटर ने कहा है’ एवढे म्हटले की वाद मिटायचा. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

मला घडवणाऱ्यांनी जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे शिकवले होते. ९८ नंतर ९९ येते, हे मला ठाऊक होते. पण ०० हे वर्ष ९९ च्या पुढचे, हे कुणी सांगितलेच नाही. मला ते सगळ्यांत जुने वाटे.

दर एप्रिलमध्ये कार्यालयातल्या इंदूताई त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांच्या तारखा माझ्यात भरत. मग मी सगळ्या कामगारांचे पुढच्या मार्चपर्यंतचे पास छापी. ज्याची तारीख उलटली त्याचा पास मी छापत नसे. १९९९ च्या एप्रिलमध्ये अशी चार नावे होती. तिघे डिसेंबरच्या आत निवृत्त होणार होते. चौथे रंगखात्यातले टिकारामकाका, त्यांची तारीख होती ३१ जानेवारी २०००.

पास छापल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना फाटकावर अडवले. ते फाटकालगतच्या माझ्या खोलीच्या खिडकीशी आले.

“इंदूबाई, माझा पास काहून नाही निघाला?”

“थांबा काका, पाहून राहिले.” ताईंनी माझा पडदा वाचला आणि कपाळावर हात मारला. “हा तर तुम्हाला रिटायर झालेले दाखवून राहिला! शंभर वर्षांआधी!”

काका हसले. त्यांना वाटले, दुपारपर्यंत मिटेल.

२००० साल लागताना यंत्रांच्या तारखांचा घोळ होणार म्हणून कारखान्याने आधीच एक समिती नेमली होती. तीत दोन जाणकार होते. माझी देखभाल करणारे शैलेंद्रजी म्हणत, घोळ १ जानेवारीला होणार, त्याआधी एक मिनिटही नाही. शहरातल्या विजय नगर भागातले निवृत्त गणित प्राध्यापक दिवाकरराव म्हणत, खरी गंमत २९ फेब्रुवारीला, कारण २००० हे लीप वर्ष आहे हे यंत्राला कळणार नाही. दोघांचे कधी पटले नाही. पटले ते एकाच गोष्टीवर.

“सर, तो घोळ आताच झाला,” इंदूताई बैठकीत म्हणाल्या. “काकांची तारीख पुढची आहे, म्हणून झाला.”

“दीदी, अभी हो ही नहीं सकता,” शैलेंद्रजी म्हणाले.

“फेब्रुवारीच्या आधी प्रश्नच उद्भवत नाही,” दिवाकरराव म्हणाले.

मग कागदावर लिहिले गेले की घोळ अजून व्हायचा आहे, सबब संगणकाची आजची नोंद बरोबर आहे. टिकारामचे प्रकरण जानेवारीनंतर पाहावे. मी समोरच होतो. दोन बटणे दाबली असती तर सगळे उघडे पडले असते. कुणीही दाबली नाहीत.

आमच्या कारखान्यात निवृत्तीच्या दिवशी एक रीत होती. कार्यालयाचा आदेश निघाला की त्या माणसाच्या खात्याला तासभर सुटी मिळे. सोबती त्याला हारांनी झाकून टाकत आणि ढोल वाजवत थेट घरापर्यंत पोचवत. काकांनी अडतीस वर्षांत कितीतरी जणांना असे पोचवले होते. त्या वर्षी तिघांच्या मिरवणुका त्यांनी फाटकाबाहेरच्या बाकावरून पाहिल्या. रोज सकाळी ते डबा घेऊन येत, न जाणो आज पास निघेल म्हणून.

१ जानेवारीला मला सुरू केले. त्याआधीच शैलेंद्रजींनी मला चार आकडी वर्ष शिकवले होते. काहीच बिघडले नाही. टाळ्या झाल्या, सगळ्यांनी खव्याची जिलेबी खाल्ली. इंदूताईंनी विचारले, “आणि काका?” शैलेंद्रजी म्हणाले, “वो तो पुराना केस है.” जुनी नोंद समितीशिवाय बदलता येत नव्हती, आणि समिती २९ फेब्रुवारीची वाट पाहत होती.

३१ जानेवारीला काका पांढराशुभ्र सदरा घालून आले. घरी त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी दारात रांगोळी काढली होती, शेजाऱ्यांना चहाला बोलावले होते. इंदूताई आदेशासाठी साहेबांकडे धावल्या. साहेब म्हणाले, कागदावर जो केव्हाच निवृत्त झाला, त्याला निरोप कसा द्यायचा?

ताईंनी स्वतःच हार आणला. काकांनी हात जोडले.

“राहू द्या बाई. एकट्यानं हार घालून कसा जाऊ? लोकं विचारतील, बाकीचे कुठं आहेत म्हणून.”

पाळी सुटायला पंधरा मिनिटे होती. आपले सोबती बाहेर येऊन आपल्याला पाहतील म्हणून ते थांबले नाहीत. सायकल हातात धरून चालत निघाले. खिडकीतून मला एवढेच दिसले.

२९ फेब्रुवारीलाही काही झाले नाही. दोन्ही जाणकारांनी एकमेकांचे अभिनंदन केले. ‘कोणाचेही नुकसान झाले नाही’ असा अहवाल त्यांनी मलाच छापायला लावला, आणि मी छापला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे सहसा म्हणतात, आम्हाला पुसा, जपा. मला पुसू नका. फक्त एक करा. यंत्र सांगते की हा माणूस आता इथला नाही, आणि तो माणूस तर डबा घेऊन फाटकाशी उभा आहे, असे कधी दिसले, तर जाणकारांना बोलावण्याआधी फाटक उघडा.