मागच्या रांगेतला देव

विनिफ्रेड पास्कने कवीचं चरित्र लिहिलं आणि त्यात तो जन्मल्याची तारीखसुद्धा घातली नाही! सहा प्रकरणं, त्यांना नेटलबीच्या चर्चमधल्या सहा घंटांची नावं, आणि सगळीकडे एकच गोष्ट: पाद्री अँब्रोज टिलनी, इंग्लंडचा थोर भक्तकवी, अकरा वर्षं याच चर्चच्या मनोऱ्यात घंटेचा दोर ओढत होता.

कवीच्या जन्माच्या चारशेव्या वर्षी हे पुस्तक गावाने छापायचं की नाही, ते शनिवारी दुपारी ठरणार होतं. विनीने त्यावर नऊ वर्षं घालवली होती. गावच्या समितीने सल्ल्याला बोलावलेले, टिलनीच्या कवितांचे संपादक डॉक्टर कॅरो यांनी नाक मुरडलं.

"बाई, हे चरित्र नव्हे. टिलनीची ती तेरा ओळींची कविता घ्या. प्रत्येक ओळीत तेच सहा शब्द, क्रम तेवढा बदललेला. सहाव्या-सातव्या ओळीत 'देव' शेवटी जातो. भक्तकवी देवाला शेवटी कसा बसवेल? छापणाऱ्याची चूक! मी तो पहिला आणला, आता सगळ्या पुस्तकांत तसंच छापतात."

"सहा शब्द म्हणजे सहा घंटा, एक ओळ म्हणजे एक फेरी. मग तुमचंच वाजवून बघू," विनी म्हणाली. "चला वर."

मनोऱ्यात सहा जण दोर धरून उभे राहिले. 'देव' म्हणजे विनीची बारीक आवाजाची घंटा, 'माती' म्हणजे म्हाताऱ्या विल्फची सगळ्यात जाड आवाजाची. पाच ओळी झकास गेल्या. सहावीत पाचव्या जागेवरच्या विनीला एकदम पहिलीवर यायचं होतं. तिने दोर खेचला, दोन घंटा एकमेकींवर आदळल्यासारख्या वाजल्या आणि सगळाच खेळखंडोबा झाला.

"थांबा, थांबा!" विल्फ ओरडला. "साहेब, घंटा आहे ती, बेडूक नाही! एका फेरीत एकच जागा सरकते."

भिंतीशी उभे असलेले कॅरो एक पाऊल पुढे आले.

"आता जुनी कविता," विनी म्हणाली.

ओळीमागून ओळ गेली. विनीची घंटा एकेक जागा मागे सरकली, सहाव्या-सातव्या ओळीत अगदी शेवटी थांबली आणि तशीच एकेक जागा पुढे आली. तेराव्या ओळीला सहाही घंटा पहिल्या क्रमात नीट वाजल्या. खाली कोणीतरी टाळ्या पिटल्या. विनीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"देव शेवटी ठेवला तर टिलनीची श्रद्धा ढळली असं वाटेल, म्हणून मी ओळ सुधारली आणि पंचवीस वर्षं तशीच शिकवतोय," कॅरो हळूच म्हणाले. "मग देव मागे जाऊन करतो काय?"

"इतरांना पुढे जाऊ देतो. आम्ही घंटा वाजवणारे त्याला मागे थांबणं म्हणतो. बारीक घंटा तिथे दोन फेऱ्या थांबते. टिलनीने तोच दोर धरला होता, साहेब."

कॅरोंनी खिशातून पेन काढलं, विनीच्या हस्तलिखितावर 'छापा' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग त्यांनी विचारलं, "तो दोर मला एकदा धरता येईल का?"

"येईल की," विनी म्हणाली. "पण आधी शेवटी थांबायला शिका."