मनगटावरचा दोरा

डॉक्टर तळपदेंना मी सोडणार नव्हते. लोक म्हणाले, मालन, गेलेला माणूस परत येतो का? नाही येत. म्हणूनच सोडणार नव्हते.

परळच्या हॉस्पिटलात आमच्या ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेही झकास. चौथ्या दिवशी मात्र थंडी वाजून ताप भरला. रक्तात जंतू शिरला होता, आणि तोही सगळी औषधं कोळून प्यालेला. एक औषध बंद, दुसरं चालू, असं आठवडाभर चाललं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मावशी, ह्या जंतूवर चालेल असं औषधच उरलं नाही आमच्याकडे." अकराव्या दिवशी हे गेले.

सगळे रडत होते. मी डॉक्टरांच्या मनगटाकडे बघत होते. तिथे आमच्या गावच्या देवीचा लाल दोरा होता. ऑपरेशनच्या सकाळी मीच बांधला होता, शपथ घालून : हे घरी येईपर्यंत काढायचा नाही. देवमाणूस तो, हो म्हणाला. मग तोच ओला, काळपट दोरा घेऊन तो रोज शेजारच्या खाटेवरची जखम उघडायचा आणि तसाच आमच्याकडे यायचा. हात धुवायचा, दोरा काही वाळायचा नाही.

"नवस फळला नाही की दोरा समुद्रात सोडतात आमच्यात," मी म्हटलं. "द्या."

साफ खोटं. पण त्यांनी कापून दिला. मी तो कोऱ्या पिशवीत घातला आणि लालबागला आमच्याच चाळीत राहणाऱ्या श्रेयाकडे नेला. ती लॅबमध्ये कामाला आहे. दोरा डॉक्टरांचा एवढंच सांगितलं, बांधला कुणी ते नाही.

"काकी, नोकरी जाईल हां माझी," म्हणाली, पण केलं तिने. चार दिवसांनी रिपोर्ट आणला. "तोच जंतू दिसतोय. काकांच्या रक्तातल्यासारखाच, एकाही औषधाला दाद देत नाही. वॉर्डातलाच असणार तो. पण ह्या दोऱ्यावर बसून खाटाखाटांवर फिरला असेल."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

तक्रार केली. समिती बसली. रिपोर्ट वाचून अध्यक्षबाईंचा चेहराच उतरला. "डॉक्टर, ड्रेसिंग करताना मनगटावर दोरा? कुणी बांधला होता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते एक शब्द बोलले असते तर माझी तक्रार माझ्याच गळ्यात आली असती.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पेशंटचे नातेवाईक बांधतात. चूक माझी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याने माझ्यावर दया करायची? ह्याने?

"मी बांधला," मी उठून म्हटलं. "शपथही मीच घातली. मी मिरच्या कांडणारी बाई, दोऱ्यात जंतू राहतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवलं होतं ना? मग तेव्हाच का नाही खेकसलात माझ्यावर? बाई, हे असलं इथे चालणार नाही म्हणून? माझं मन राखलंत, आणि माणूस घालवलात!"

अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"पाणी नको," मी म्हटलं. "डॉक्टरांची शिक्षा लिहा. माझी मी भोगतेच आहे."