विचारून सांगतो

घर शोधायला दोघं निघाली तर घर सापडतं. सहाजण निघाले तर भांडण सापडतं.

या नवरा-बायकोचं तेच चाललं होतं. परक्या देशातल्या त्या अफाट शहरात आली होती दोघंच, पण घर बघायला जायची सहाजणं. दोघं पायांवर आणि चौघं फोनमध्ये. फोनमध्ये नवऱ्याची आई असायची. वडील असायचे, म्हणजे त्यांचा खोकला असायचा. काका असायचे, ज्यांनी आयुष्यात एकदा स्वतःच्या घरावर मजला चढवला होता आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या भिंती त्यांना विचारून उभ्या राहाव्यात असं त्यांना वाटे. आणि असायची थोरली आत्या. तिला फोन धरता येत नसे, त्यामुळे तिचं कपाळ आणि डोक्यावरचा पंखा एवढंच दिसे. बोलायची मात्र नाही. घरात तिला सगळे तोफ म्हणत, आणि तोफ गप्प असली की घरची माणसं जास्तच घाबरत.

नवऱ्याचं टोपणनाव विचारूराव. जुन्या कचेरीतल्या लोकांनी ते ठेवलेलं. चहा घेणार का म्हटलं तरी हा म्हणे, "विचारून सांगतो." माणूस गुणाचा होता. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. फक्त स्वतःच्या डोक्याला कुलूप लावून किल्ली घरच्यांकडे ठेवून आलेला.

बायको लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. या शहरात बदली झाली ती तिची. हा आपली नोकरी सोडून तिच्या मागोमाग आला. त्यात लाजायचं काय? बाया पिढ्यान् पिढ्या तशाच जात आल्या, कोणी त्यांचा सत्कार केला नाही की कोणी त्यांना हसलं नाही. पण आईनं गल्लीभर सांगितलं, "मुलाची बदली झाली हो परदेशात! सूनही जातेय सोबत." सुनेच्या कानावर ते आलं, ती हसून गप्प बसली. एकदा हसून गप्प बसलं की पुढच्या वेळी गप्प बसणं सोपं जातं. हसायचं तेवढं राहून जातं.

कंपनीनं त्यांना महिनाभरासाठी दोन खोल्या दिल्या होत्या, शहराच्या पार टोकाला. बॅगा उघडल्याच नव्हत्या. एक आडवी टाकून तिच्यावर जेवायचं, दुसरी उभी करून तिच्यावर आरसा टेकवायचा. ती पहाटे निघायची, दोन बस बदलायची, आणि परत आली की हातातला घास तोंडापाशी नेता नेता पेंगायची.

एके संध्याकाळी ती बूट काढता काढता म्हणाली, "आज साहेबांनी बोलावलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हाला इथे घेतलंय ते तातडीच्या पथकासाठी. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुमची बस चुकली हे सांगता येत नाही. एक तारखेपर्यंत अर्ध्या तासाच्या आतला पत्ता द्या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला."

विचारूरावानं बंद बॅगांकडे बघितलं. जागा गेली म्हणजे बॅगा न उघडताच परत. "अगं, पण आपण बघतोय की घरं!"

"आपण?" ती म्हणाली. "तू फोनमधून बघतोस. मी तुझ्या पाठीमागून बघते. मला आत्तापर्यंत फक्त तुझी पाठ पसंत पडलीय."

तो हसला. ती हसली नाही.

तिचं काही चुकत नव्हतं. पहिलं घर तिच्या कामापासून चालत जाण्यासारखं होतं. दलाल दाराशी चाव्या वाजवत उभा. आई फोनमधून म्हणाली, "अरे, समोर लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात! मी इथे शेजारणींना काय दाखवू?" विचारूराव दलालाला म्हणाला, "विचारून सांगतो." विचारून होईपर्यंत घर गेलं. दुसरं घर काकांना पटलं नाही, कारण दारं आत उघडण्याऐवजी बाहेर उघडत होती. तेही गेलं. तिसरं मात्र सगळ्यांना एकदम आवडलं! खाली आरशासारखी फरशी, दाराशी गणवेशातला माणूस. आईनं तेवढ्यात शेजारणीलाही फोनमध्ये बसवलं. सून हळूच म्हणाली, "इथून मला दीड तास लागेल." कोणी ऐकलं नाही. भाडं ऐकलं तेव्हा मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

असं करता करता महिना सरत आला.

मग कळलं एका घराबद्दल. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालकीणबाई खालीच राहायच्या. जन्मभर कपडे शिवलेल्या, आताही गळ्यात मापाची फीत अडकवलेली, आणि समोरच्या माणसाकडे बघायची तऱ्हा अशी की वाटावं, बाईंनी आपलं माप घेतलं. त्यांनी सांगितलं होतं, "दुपारी या. बरेच जण येणार आहेत. जो आधी हो म्हणेल त्याचं घर."

बायको कामावरून परस्पर आली. हातात हेल्मेट, बोटांना वंगण. विचारूराव फोन पुढे धरून, मिरवणुकीत दिवा धरतात तसा, आत शिरला. जिन्यात मागे पाच-सहा माणसं उभीच होती.

"डावीकडे वळव," आई म्हणाली. "हे स्वयंपाकघर? एवढंसं?"

"खिडकी दाखव," काका म्हणाले. "समोर काय आहे?"

"भिंत आहे, काका. थोडं आकाश आहे."

"आकाशाला काय करायचंय! भिंत कशी आहे ती? तुझ्या घरातली म्हणतोय मी. पोकळ असेल. ठोकून बघ."

विचारूरावानं भिंत ठोकली. टक टक टक.

पलीकडून आवाज आला. टक टक टक!

"बघ, पोकळ आहे!" काका ओरडले.

"काका, शेजारी आहेत ते."

"मग पुन्हा ठोक."

त्यानं पुन्हा ठोकली. पलीकडून आता जोरात ठोकलं, आणि कोणीतरी काहीतरी बोललंही. भाषा कळली नाही, पण भाव कळला. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "तुम्ही माझ्या भिंतीला का मारता?" याला त्यांची भाषा तोडकीमोडकी येई. "माझे काका," त्यानं फोनकडे बोट दाखवलं, "त्यांना भिंत आवडते." मालकीणबाईंनी फोनमध्ये डोकावून काकांचं माप घेतलं आणि काही न बोलता मागे झाल्या.

"नळ सोड," आई म्हणाली. त्यानं सोडला. "बंद कर." केला. थेंब गळत राहिला. "गळतोय! आणि त्या खिडकीतून भिंतच दिसते रे. फोटोत काय येणार?"

मालकीणबाईंनी जिन्याकडे बघितलं. "बाहेर माणसं उभी आहेत. सांगा, घेणार की नाही?"

विचारूरावानं तोंड उघडलं, नेहमीचे दोन शब्द ओठांवर आले. तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला. महिनाभर न ऐकलेला.

"सूनबाई कुठाय रे?"

आत्या! पंखा थांबल्यासारखा वाटला.

"आहे की, आत्या. इथेच आहे."

"दिसत नाही मला. दाखव तिला."

"अगं, आधी तुला न्हाणीघर दाखवतो—"

"ए दगडा! महिनाभर तू मला नळ दाखवलेस, कड्या दाखवल्यास, लोकांचे संडाससुद्धा दाखवलेस. पोरीचं तोंड एकदा तरी दाखवलंस का? फिरव तो फोन!"

त्यानं फोन फिरवला. फोनबरोबर स्वतःही फिरला. आणि जागच्या जागी थबकला.

बायको पुढच्या खोलीत खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसली होती. म्हणजे बसली होती कधीतरी. आता पाय वर घेऊन, डोकं चौकटीला टेकून, हेल्मेट पोटाशी धरून गाढ झोपली होती. समोरच्या भिंतीच्या वरच्या त्या एवढ्याशा आकाशातून ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं. इतकी ठोकाठोक झाली, शेजारी ओरडले, काका ओरडले, तिच्या पापणीला खबर नव्हती. तिचे गाल किती आत गेलेत ते विचारूरावाला त्या क्षणी दिसलं. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला आज दिसलं!

फोनमध्ये वडील खोकायचे थांबले.

"बघितलंस?" आत्याचा आवाज आता खाली आला होता. "अरे, परक्या घरात, परक्या माणसांत बाईमाणसाला अशी झोप लागते का? तिला घर पसंत पडलंय. तिच्या अंगानं सांगितलं, तोंडानं सांगायची सोय तुम्ही ठेवलीच नाहीत."

"पण आत्या, त्या खिडकीतून..." आई पुटपुटली.

"वहिनी, शेजारणी तिथे राहायला जाणार आहेत का? का तू जाणार आहेस? ज्या पोरीनं पहाटे उठून कामावर जायचं, संध्याकाळी त्याच ओट्याशी उभं राहायचं, तिला सोडून आपण सगळ्यांनी घर बघितलं. आपण काय, घटकाभर बघणार आणि फोन ठेवून जेवायला बसणार! घर बघणाऱ्यांचं नसतं, राहणाऱ्यांचं असतं. आणि तू रे, तू तर जगाला विचारून सांगणारा. सगळ्यांना विचारलंस. हिला विचारलंस कधी?"

विचारूरावाची नजर फोनवरून झोपलेल्या बायकोकडे गेली.

"हं?" मालकीणबाई दारातून म्हणाल्या. "घेणार?"

तो म्हणाला, "विचारून सांगतो."

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला, जिन्यातल्या माणसांना बोलवायला वळल्या. फोनमधून आत्यानं कपाळावर हात मारलेला स्पष्ट दिसला, कारण कपाळच दिसत होतं.

पण विचारूरावानं फोन जमिनीवर पालथा ठेवला. "अरे, अंधार झाला!" काका जमिनीतून ओरडले. तो खोली ओलांडून गेला, कट्ट्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि बायकोच्या दंडाला हळूच हात लावला.

"अगं... हे घर तुला हवंय का?"

तिनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघितलं. "फोन कुठाय?"

"ठेवला. तूच सांग."

तिनं त्याला निरखून बघितलं. एखादी लिफ्ट खरंच दुरुस्त झाली का, की नुसती चालल्यासारखी वाटतेय, हे ती जसं बघायची, तसं. मग म्हणाली, "नळाचा वायसर गेलाय. मी बसवीन. खिडकी मोठी आहे. आणि इथून माझी कचेरी वीस मिनिटं." आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. "मला हवंय!"

"बाई!" विचारूराव जिन्याकडे धावला. तोडक्यामोडक्या भाषेत, पण अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडला, "घेतलं! आम्ही घेतलं!"

भिंतीपलीकडून टक टक टक आलं. या वेळी ठोकण्यात राग नव्हता.

बॅगा उघडल्या गेल्या. वायसर बसला. एक तारखेच्या आत साहेबांच्या टेबलावर पत्ता पडला.

एका रविवारी विचारूरावानं फोन लावला. आईच्या स्वयंपाकघरात रंगाऱ्यांची शिडी उभी होती, भांडी बाहेर पडवीत.

"कोणता रंग देताय?" त्यानं विचारलं.

"हिरवा," काका म्हणाले. "डाग दिसत नाहीत."

"काका, तुम्हाला नाही विचारलं. आई, तुला कोणता हवाय?"

आई गोंधळली. या घरात येऊन तिचे केस पिकले. त्या ओट्याशी तिनं किती पोळ्या लाटल्या त्याची मोजदाद नाही. पण भिंतीला रंग देताना तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणी विचारायला हवं होतं हे तिलाही सुचलं नव्हतं. तिनं सवयीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, "थांब हं... विचारून सांगते."

"कोणाला गं विचारतेस?" पंख्याखालून आत्या म्हणाली.

आईनं पदराला हात पुसले. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "पिवळा. सकाळच्या उन्हासारखा. लग्न होऊन आले तेव्हापासून मनात आहे."

वडिलांचा खोकला थांबला. त्या फोनवर ते पहिल्यांदा बोलले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

रंगाऱ्यानं हिरव्या डब्याचं झाकण पुन्हा ठोकून बसवलं. इकडे सुनेचा दुसरा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये कोणीतरी अडकलं होतं. "आई, पिवळाच द्या!" असं ओरडून तिनं हेल्मेट उचललं आणि धाडधाड जिना उतरली. विचारूराव खिडकीत उभा राहून ती रस्त्याच्या वळणापर्यंत दिसते का ते बघत राहिला. भिंत मध्ये होती, पण थोडी दिसली.

तर मंडळी, घर परदेशात घ्या नाहीतर पलीकडच्या गल्लीत, वडीलधाऱ्यांना जरूर विचारा, त्यांचा मान ठेवा. पण ज्या बाईचा जन्म त्या चार भिंतींत जायचा, तिला आधी विचारा. आणि विचारल्यावर ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर तेवढ्यावर सुटका करून घेऊ नका. फोन पालथा ठेवा, जवळ बसा, आणि पुन्हा एकदा विचारा!